मनाचें औषध आणि देहाचें वजन

मुंबईच्या उपनगरी आगगाड्यांच्या स्थानकांवर एके काळीं वजनाचीं मोठमोठीं यंत्रें उभीं असत. यंत्रावर चढावें, नाणें टाकावें, कांचेमागचे रंगीत दिवे लुकलुकावे आणि खालच्या खांचेंतून पुठ्ठ्याचें एक लहानसें तिकिट हातांत यावें. त्या तिकिटावर वजनाचा आंकडा असे आणि जोडीला भविष्याचें किंवा स्वभाववर्णनाचें एखादें वाक्यहि असे. गाडीला अवकाश असला म्हणजे पुष्कळ लोक तें वाक्य आधीं वाचीत आणि आंकडा मागाहून पाहत. देहाचा भार आणि मनाचा कल एकाच तिकिटावर छापण्याची ती युक्ति करमणुकीची होती. परंतु नैराश्याच्या विकारावर औषध घेणाऱ्या माणसाच्या बाबतींत ह्या दोन गोष्टी खरोखरच एकत्र येतात. आणि एक गोळी सोडून दुसरी सुरू केली म्हणजे दोन्ही एकदम हालूं लागतात. कोणती कशामुळें हालली हें त्या वेळीं सांगणें मात्र सोपें नसतें.

सातारा जिल्ह्यांतील एका शाळेंत शिकविणारी ४२ वर्षांची एक शिक्षिका कल्पावी. उंची १५५ सेंटिमीटर, आजारापूर्वींचें वजन ५४ किलो. एका पावसाळ्यांत तिची झोंप उडाली, अन्नावरची वासना गेली, फळ्याकडे तोंड केलें कीं रडूं येऊं लागलें, आणि दिवाळीपर्यंत ती ४९ किलोंवर आली. डॉक्टरांनीं तिला मिर्टाझॅपिन नांवाची गोळी रात्रीं निजतांना घेण्यास सांगितली. निवड योग्य होती. कारण ज्याची झोंप आणि भूक दोन्ही गेलीं आहेत त्याला ह्या गोळीनें तीं बहुधा लवकर परत मिळतात. तिलाहि मिळालीं. दुसऱ्या आठवड्यांत ती सलग पहांटेपर्यंत झोंपली. तिसऱ्या आठवड्यांत तिनें आपण होऊन दुसरी भाकरी मागून घेतली. आठ महिन्यांनीं मन पूर्ववत् झालें होतें आणि वजन ५८ किलो झालें होतें.

मराठींत 'तब्येत सुधारली' ह्या शब्दांचे दोन अर्थ होतात, आणि ते एकाच दमांत वापरण्याची मराठी माणसाची रीत आहे. शिक्षकांच्या खोलींत तिच्या सहकारिणी हंसत म्हणूं लागल्या, "बाई, तब्येत बरीच सुधारली हं!" बोलणाऱ्यांच्या मनांत वांकडें कांहीं नसेल. परंतु गोळ्यांची पट्टी जिनें कपाटांत साड्यांच्या घडीखालीं लपवून ठेविली आहे तिनें ह्यावर काय उत्तर द्यावें? मधुमेहाची गोळी चारचौघांत घेतां येते. मनाच्या आजाराची गोळी अद्यापि दार लोटून घ्यावी लागते. पुढें पुतण्याचें लग्न आलें. ठेवणींतील साडीवरचा पोलका अंगांत शिरेना. त्या रात्रीं तिनें कोणालाहि न विचारतां गोळी बंद केली.

पहिले दहा दिवस मळमळ झाली, झोंप तुटक लागली आणि वजन दीड किलोनें उतरलें. आपण केलें तें योग्यच केलें असें तिला वाटलें. तिसऱ्या महिन्यांत फळ्यासमोर उभी असतांना तिला पुन्हां रडूं कोसळलें. लग्न केव्हांच होऊन गेलें होतें. त्यामुळें पोलका आणि हें रडणें ह्यांचा संबंध घरांत कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. औषधानें वाढलेल्या चार किलोंहून ते चार किलो घालविण्याची ही परस्पर योजलेली रीत कितीतरी अधिक घातक असते.

चार किलो म्हणण्याचें कारण आहे. ४९ पासून ५८ पर्यंत नऊ किलोंची वाढ झाली, आणि ती सगळी गोळीच्या माथीं मारण्याकडे रोग्याचा व घरच्यांचा कल असतो. पण तिचें मूळचें वजन ५४ होतें. पहिले पांच किलो हे आजारानें नेलेले होते. ते परत आले. ही वाढ म्हणजे आरोग्याचेंच लक्षण होय. आजारापूर्वींचें वजन किती होतें, हा प्रश्न पहिल्याच भेटींत विचारून कागदावर टिपून ठेविला नाहीं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. आणि खेदाची गोष्ट अशी कीं, गर्दीच्या दवाखान्यांत रोग्याला कांट्यावर उभें करण्याइतकीहि सवड पुष्कळदां काढली जात नाहीं.

ह्या औषधांच्या इतिहासाच्या प्रारंभीं वजनवाढ ही तक्रारीची बाब नव्हती, हेंहि येथें आठवण्याजोगें आहे. न्यूयॉर्क शहरांतील स्टेटन बेटावर सी व्ह्यू नांवाचें क्षयरोग्यांचें रुग्णालय होतें. तेथें १९५२ च्या सुमारास इप्रोनियाझिड हें औषध क्षयावर देऊन पाहत असतां रोग्यांची भूक वाढली, वजन वाढलें, आणि बिछान्याला खिळलेलीं माणसें उत्साहानें हिंडूंफिरूं लागलीं. फुफ्फुसांच्या सुधारणेच्या मानानें मनाचा हा उल्हास अधिक दिसला, आणि त्यावरूनच पुढें १९५७ मध्यें तें औषध नैराश्यावर वापरण्याची कल्पना पुढें आली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथें रोलांड कून ह्यांना इमिप्रामिनचा गुण आढळला. क्षयाच्या आरोग्यधामांतून, मग तें परदेशांतील असो कीं पांचगणीचें असो, वाढत्या वजनाचा आंकडा ही रोग्याच्या घरीं कळविण्याची आनंदाची बातमी असे. पन्नास-साठ वर्षांत तोच आंकडा काळजीचा झाला, ह्यांत औषधांइतकाच बदललेल्या काळाचाहि भाग आहे.

गोळीनें वजन वाढतें तें कसें? गोळींत चरबी नसते आणि साखरहि नसते. मेंदूंत हिस्टामिन नांवाचा पदार्थ माणसाला जागें ठेवण्याचें आणि भुकेला आवर घालण्याचें काम करीत असतो. मिर्टाझॅपिन किंवा जुन्या पिढीचें अॅमिट्रिप्टिलिन हीं औषधें ह्या पदार्थाचा मार्ग अडवितात. म्हणून झोंप येते आणि म्हणूनच भूकहि सुटते. सिरोटोनिनच्या अनेक ग्राहकांपैकीं एक ग्राहक पोट भरल्याची जाणीव देण्यास मदत करतो. मिर्टाझॅपिन तोहि अडवितें. परिणाम असा कीं, ताटावरून उठलेला माणूस तासाभरानें डब्यांत लाडू आहे कीं काय हें पाहूं लागतो, आणि आपण असें कां करतों हें त्याचें त्याला उमगत नाहीं. त्याला खादाड म्हणणें अन्यायाचें आहे. अमेरिकेंत परवान्यासाठीं झालेल्या अल्प मुदतीच्या चांचण्यांत मिर्टाझॅपिन घेणाऱ्यांपैकीं १७ टक्के लोकांनीं भूक वाढल्याचें सांगितलें, आणि नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण २ टक्के होतें. तरीहि शंभरांतील बहुसंख्यांना भूक वाढल्याचें जाणवलें नाहीं, हेंहि त्याच आंकड्यांतून दिसतें.

फ्लुओक्सेटिनची गोष्ट उलट दिशेनें सुरू होते. अमेरिकेंत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या ह्या औषधानें प्रारंभीं भूक मंदावते आणि वजन किंचित् उतरतें. त्यामुळें हें जणूं कृश करणारें औषध आहे असा समज पसरला होता. परंतु १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत रोग्यांना वर्षभर पाहिलें असतां सुरुवातीची ती उतार पुढें भरून निघाली, आणि औषध चालूं ठेवणाऱ्यांचें व नकली गोळीवर असणाऱ्यांचें वजन सारखेंच वाढलें. आजारांत ज्यांची भूक गेली होती त्यांचें अधिक वाढलें; म्हणजे येथेंहि वाढींत बरें होण्याचा वांटा होता.

ह्या गोळ्यांची परस्परांशीं तुलना करणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेंत २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत १,८३,११८ रोग्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. सर्ट्रालिन घेणाऱ्यांच्या तुलनेनें सहा महिन्यांच्या शेवटीं एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांचें वजन सरासरीनें ०.४१ किलो, पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांचें ०.३७ किलो आणि ड्युलोक्सेटिन घेणाऱ्यांचें ०.३४ किलो अधिक भरलें. फ्लुओक्सेटिनचा आंकडा सर्ट्रालिनच्या जवळपास राहिला. आणि ब्यूप्रोपियॉन घेणाऱ्यांचें वजन ०.२२ किलो कमी भरलें. अर्धा किलोहि नाहीं! इतक्यासाठीं एवढा गवगवा कशाला, असें कोणी विचारील. ह्याचें उत्तर असें कीं, सरासरी ही कोणाच्याच अंगाला बसणारी बंडी नव्हे. दहा माणसांपैकीं आठांचें वजन जागच्या जागीं राहिलें आणि दोघांचें पांच-पांच किलोंनीं वाढलें, तर सरासरी एकच किलो निघते. ती आठांनाहि खोटी आणि दोघांनाहि खोटी. ब्रिटनमधील २,९४,७१९ लोकांच्या नोंदींवरून २०१८ मध्यें दिसून आलें कीं, अशीं औषधें घेणाऱ्यांत मूळ वजनाच्या पांच टक्के किंवा अधिक वाढ होण्याचा संभव न घेणाऱ्यांहून २१ टक्क्यांनीं जास्त असतो, आणि हा संभव दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं सर्वांत अधिक असतो. पहिल्या तीन महिन्यांत कांहीं वाढलें नाहीं म्हणून निर्धास्त राहणारा माणूस म्हणूनच पुढें फसतो.

भारतीय देहाची एक निराळी अडचण आहे, आणि ती समजावून देण्यांत पुण्याचा मोठा वांटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघां मित्रांचें एक छायाचित्र २००४ मध्यें लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें वजन काढण्याचा जो निर्देशांक आहे तो दोघांचाहि २२.३ होता. अंगांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन ह्यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटांत चरबी दडून असते, आणि मधुमेह तिच्या वाटेनें येतो. ह्याच कारणानें भारतीयांसाठीं अधिक वजनाची सीमा २५ ऐवजीं २३ धरावी, असें २००९ मध्यें येथील तज्ज्ञांनीं ठरविलें. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आंत असावा, असेंहि सांगितलें. सातारच्या शिक्षिकेचा निर्देशांक ५८ किलोंवर २४ च्या किंचित् वर जातो. युरोपच्या मापानें तिचें कांहीं बिघडलें नाहीं. येथल्या मापानें ती सीमा ओलांडून गेली आहे. तेव्हां 'चार किलोंचें काय एवढें' असें म्हणून तिला परत पाठविणारा डॉक्टर तिच्या मनावर उपचार करतो, पण तिच्या देहाकडे पाठ फिरवितो.

मग गोळी बदलावी काय? बदलण्याचे मार्ग पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची कांहीं किंमत आहे. अमेरिकेंत स्टार-डी नांवाची जी मोठी चांचणी झाली तिचे निष्कर्ष २००६ मध्यें प्रसिद्ध झाले. सिटॅलोप्रॅमनें गुण न आलेल्या किंवा तें न सोसलेल्या ७२७ रोग्यांना त्या चांचणींत ब्यूप्रोपियॉन, सर्ट्रालिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन ह्यांपैकीं एकावर नेलें. तिन्ही औषधांत सुमारें चौघांतील एकाचा आजार पूर्ण निवळला. अमुक औषध दुसऱ्याहून निश्चित सरस, असें कांहीं ठरलें नाहीं. ह्यांतून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. गुणांत फारसा भेद नसेल तर वजन, झोंप, खर्च ह्यांकडे पाहून निवड करण्यास डॉक्टरला मोकळीक आहे. परंतु ज्या रोग्याला पहिल्याच गोळीनें बरें केलें त्याला दुसरीनें तसेंच बरें ठेवील, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. दोन किलोंसाठीं चालता गाडा मोडणें शहाणपणाचें नाहीं. पांच किलो वाढले आहेत आणि कांटा अजून चढतच आहे, तर बदलाचा विचार न करणें हेंहि शहाणपणाचें नाहीं.

बदलाचे पहिले दोन महिने फार फसवे असतात. जुन्या गोळीची मात्रा हळूहळू उतरवावी लागते आणि नवी हळूहळू चढवावी लागते. पुष्कळदां दोन्ही कांहीं दिवस बरोबर चालतात. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकाएकीं थांबविलें तर चक्कर, मळमळ, अंगांत विजेचे झटके बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात, आणि अन्न जात नाहीं. नवें औषध सर्ट्रालिन असेल तर त्याच्याहि पहिल्या आठवड्यांत मळमळ आणि जुलाब संभवतात. अशा दिवसांत कांटा किलो-दीड किलोनें खालीं येतो. हें चरबी झडणें नव्हे. फ्लुओक्सेटिन व त्यापासून शरीरांत बनणारा पदार्थ शेवटच्या गोळीनंतर कित्येक आठवडे रक्तांत रेंगाळतात. त्यामुळें मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या जुन्या औषधांकडे जाण्यापूर्वीं पांच आठवडे थांबण्याचा दंडक आहे. आणि फ्लुओक्सेटिन व पॅरॉक्सेटिन हीं दोन्ही अॅमिट्रिप्टिलिनसारख्या औषधाचें रक्तांतील प्रमाण वाढवितात. शेजारणीला मानवलेली गोळी पट्टी दाखवून दुकानांतून आणणें किती जोखमीचें आहे हें एवढ्यावरून दिसावें.

वजनाच्या दृष्टीनें ब्यूप्रोपियॉन सर्वांत सोईचें दिसतें, आणि म्हणून रोगी स्वतः त्याचें नांव घेऊन येऊं लागले आहेत. अमेरिकेंत १९८५ मध्यें मान्यता मिळालेलें हें औषध आंचक्यांच्या भीतीनें लगेच १९८६ मध्यें मागें घेतलें गेलें आणि मात्रेवर मर्यादा घालून १९८९ मध्यें पुन्हां बाजारांत आलें. अपस्माराच्या रोग्यानें, तसेंच उपाशी राहून किंवा खाल्लेलें ओकून देह कृश करण्याचा विकार ज्याला जडला आहे त्यानें, तें घेऊं नये. वजनाची अतिशय धास्ती घेतलेली तरुण मुलगीच ह्या गोळीचा हट्ट धरण्याचा संभव अधिक असतो. तिनें जेवणाविषयीं जें सांगितलेलें नाहीं तें विचारून काढणें हें डॉक्टरचें काम आहे.

कधीं कधीं दोष बदललेल्या गोळीचा नसतोच. नैराश्य हटत नाहीं म्हणून ओलान्झॅपिन किंवा क्वेटायापिनसारखें दुसरें औषध जोडीला दिलेलें असतें, आणि वजन त्यानें वाढतें. परंतु चिठ्ठीवर पहिलें नांव ज्याचें, बोल त्याला लागतो. थायरॉइड ग्रंथि मंदावली असेल तर मरगळहि येते आणि वजनहि वाढतें, आणि दोन्ही खुणा मनाच्या आजाराच्या नांवावर खपून जातात. आजारांत घरीं बसल्याची संवय, चालणें थांबलेलें, दिवसांतून पांच वेळां दोन चमचे साखरेचा चहा: हें तर कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेलें नसतें.

शिक्षिकेला दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे नेलें तेव्हां तिनें पोलक्याची गोष्ट प्रथमच उघड सांगितली. त्यांनीं रागावून न घेतां मिर्टाझॅपिनच पुन्हां सुरू केलें. कारण तें लागू पडलें होतें आणि आजार उसळलेला असतांना नव्या प्रयोगाची वेळ नव्हती. मात्र मन स्थिर झाल्यावर गोळी बदलूं, असा शब्द त्यांनीं दिला आणि तो कागदावर लिहून ठेविला. सहा महिन्यांनीं ती पूर्ण बरी होती आणि वजन ५९ होतें. मग तीन आठवड्यांच्या अवधींत मिर्टाझॅपिन उतरवून सर्ट्रालिन चढविलें. दर रविवारीं सकाळीं, कांहीं खाण्यापूर्वीं, एकाच कांट्यावर वजन करावें, महिन्यांतून एकदां बेंबीच्या पातळीवर फितीनें कंबर मोजावी, रक्तांतील साखर तपासून घ्यावी, आणि आंकड्याशेजारीं त्या आठवड्यांतील झोंप व मनःस्थिति ह्यांविषयीं एक ओळ लिहावी, असें ठरलें.

त्या वहींतील पहिल्या दोन रविवारचे आंकडे ५८.२ आणि ५७.५ असे आहेत, आणि पुढें 'मळमळ. रात्रीं तीनला जाग' अशी ओळ आहे. तिला आनंद झाला होता. डॉक्टरांनीं तो आनंद जमेस धरला नाहीं. पांचव्या रविवारीं मळमळ गेली आणि कांटा पुन्हां ५८.४ वर आला. त्या दिवशीं ती फार हिरमुसली, आणि गोळी बंद करण्याचा विचार तिच्या मनांत पुन्हां आला. परंतु ह्या वेळीं तिनें तो नवऱ्याजवळ बोलून दाखविला. नव्या गोळीनें वजन उतरत नसतें. वाढती भूक तेवढी थांबते, आणि उरलेलें काम चालण्यानें व ताटानें करावयाचें असतें, हें त्यांना भेटीच्या वेळीं सांगण्यांत आलें. शाळेंतून परततांना ती एस. टी.च्या थांब्याऐवजीं ओढ्याच्या वाटेनें पायीं येऊं लागली. दुपारचा दुसरा चहा सुटला; संध्याकाळचा सुटला नाहीं. तिसऱ्या महिन्यांत ५८, सहाव्यांत ५६.५. रात्रीं अकराच्या सुमारास डबे हुडकण्याची जी ओढ असे ती कधीं थांबली हें तिला नेमकें सांगतां येत नाहीं. वहींत त्याची नोंद नाहीं.

पोलका तिनें शिंप्याकडून दोन्ही बाजूंनीं उसवून घेतला. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा जादा वर्ग ह्या वर्षीं पुन्हां तिच्याकडे आहे, आणि सहकारिणी आतां म्हणतात, "बाई, जरा वाळलांत वाटतं, तब्येत बरी आहे ना?"